अकराची फुली

डोंगराच्या एका अंगाने चढायचं, माथ्यावरच्या धारेवरून आडवं जायचं आणि दुसऱ्या अंगाने उतरून सकाळी निघालो तिथेच यायचं. एका दिवसाची गोल वाट ऐकायला अशी सोपी असते. मजाही तिच्यात जास्त, एकच दगड दोनदा बघावा लागत नाही. पण घोळ नेमका तिथेच आहे. चढलेल्या वाटेनेच उतरताना प्रत्येक निसरडा कातळ, प्रत्येक फाटा सकाळी एकदा नजरेखालून गेलेला असतो. गोल वाटेची दुसरी बाजू आपण पहिल्यांदा बघतो ती पाय दमल्यावर आणि बाटलीतलं पाणी तळाला गेल्यावर. म्हणून अशा दिवसाची तयारी मी बुटांपासून नाही, नकाशापासून सुरू करते.

तीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले. ती खोड डोंगरातही जात नाही. माझ्या नकाशावर तांबड्या पेन्सिलीच्या दोन खुणा असतात, एक फुली आणि एक रेघ. फुलीशेजारी वेळ लिहिलेली असते. या दोन खुणा कशा काढायच्या ते आधी सांगते. पाणी, बूट, काठ्या वगैरे नंतर.

आदल्या रात्रीचा हिशेब

1892 साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा मांडला. अंतराला दर 3 मैलांमागे एक तास, आणि चढाईच्या दर 2000 फुटांमागे वर आणखी एक तास. ढोबळ मेट्रिक मापात तासाला 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाईला एक तास. यात विश्रांती नाही, फोटो नाहीत, बुटात गेलेला खडा काढणं नाही. धडधाकट माणूस न थांबता चालला तर काय होईल, एवढंच तो सांगतो.

एक उदाहरण घेऊ. फेरी 14 किलोमीटरची, एकूण चढाई 900 मीटर. तिचे तीन तुकडे पाडा. पहिला चढ, साडेतीन किलोमीटरांत 800 मीटर, म्हणजे चांगलाच उभा. मग माथ्यावरची धार, 3 किलोमीटर, वरखाली करत आणखी 100 मीटर चढाई. शेवटी साडेसात किलोमीटरांचा लांबलचक, सौम्य उतार. नेस्मिथप्रमाणे चढाला 2 तास 2 मिनिटं, धारेला 46 मिनिटं, उताराला दीड तास. बेरीज 4 तास 18 मिनिटं.

ही बेरीज माझी नाही, नेस्मिथची आहे. माझी काढायला मी तिला दीडने गुणते. हा दीड कुठून आला ते शेवटी सांगते. तर चढाला जेमतेम 3 तास, धारेला 1 तास 10 मिनिटं, उताराला सव्वादोन तास, एकूण साडेसहाच्या आसपास. सकाळी साडेसहाला पाऊल टाकलं तर धारेवर साडेनऊच्या सुमारास आणि खाली दुपारी एकला.

आता धारेवर पहिलं पाऊल ठेवताय अशी कल्पना करा. दम लागलाय, वारा लागतोय, आणि गटातलं कोणीतरी हमखास म्हणतं, ‘आता काय, उतारच तर आहे!’ इथे कागद काढा. पुढे जाऊन फेरी पुरी करायला 3 तास 25 मिनिटं लागणार आहेत. आल्या वाटेने परत फिरलं तर? साडेतीन किलोमीटरांना दीडपटीने एक तास. उभ्या उताराबद्दल नेस्मिथचा नियम गप्प आहे, पण नंतरच्या लोकांनी त्यात भर घातली, की तीव्र उतारावर दर 300 मीटरला 10 मिनिटं वाढवा. 800 मीटरला साधारण अर्धा तास. म्हणजे परतायला दीड तास. माथा गाठल्यावर अर्धं काम झालं असं वाटतं, आणि चढाच्या नजरेने ते खरंही आहे. पण घर मागच्या बाजूने निम्म्याहून कमी वेळेवर असतं.

धारेवर पुढे जावं तसा हा फरक कमी होत जातो. पुढचा वेळ घटतो, मागचा वाढतो. माझ्या उदाहरणात दोन्ही सारखे होतात ते धारेवर सुमारे अडीच किलोमीटर गेल्यावर, म्हणजे धार जवळजवळ संपताना. तिथे तांबडी रेघ. रेघेच्या अलीकडे कोणाचा पाय मुरगळला, ढग दाटले, कोणी घाबरलं, तर मागे फिरायचं. रेघ ओलांडली की पुढेच. बरोबर रेघेवर असाल तर ओळखीच्या वाटेने, म्हणजे मागे. हे घरी, जेवणाच्या टेबलावर ठरवायचं, कारण वरती चार जणांत बसून ठरवायला गेलं की जो सगळ्यात मोठ्याने बोलतो त्याचंच ठरतं.

रेघ जमेल तर नकाशावर ओळखू येईल अशा जागी सरकवा. एखादी खिंड, एखादा सुटा उंचवटा. ‘अडीच किलोमीटर’ ही काही डोळ्यांना दिसणारी जागा नाही.

आणि आता फुली. ती धारेच्या सुरुवातीला, चढ संपतो तिथे. शेजारी लिहायचं, किती वाजेपर्यंत इथे पोचलो तरच पुढे जायचं. समजा सूर्यास्त सहाचा आहे आणि मला चारपर्यंत खाली यायचंय. पहिली काही वर्षं मी सरळ वजाबाकी करायचे. चार वजा 3 तास 25 मिनिटं, म्हणजे साडेबारा. हिशेब तपासणाऱ्या बाईने अशी चूक करावी! साडेबाराला फुलीवर पोचले याचा अर्थ तीन तासांच्या चढाला मला सहा तास लागले. मग पुढच्या सव्वातीन-साडेतीन तासांना एकदम ठरलेल्या वेगाने कशी चालेन? ज्या कारणाने उशीर झाला ते कारण, मग गटातला दमलेला माणूस असो, ऊन असो की माझे गुडघे, माझ्याबरोबरच पुढे येणार.

म्हणून उशिराचं प्रमाण पुढेही लावायचं. अकराला पोचले तर चढाला साडेचार तास लागले, ठरल्याच्या जवळपास दीडपट. मग उरलेले 3 तास 25 मिनिटं पाच तासांचे होतात. अकरा अधिक पाच, चार. बसला हिशेब. फुलीशेजारी 11 लिहायचे. त्यानंतर पोचलात तर पाणी प्या, खा, दृश्य बघा आणि आल्या वाटेने उतरा. त्या मंद वेगानेही सव्वा-दीडपर्यंत खाली असाल.

कुठल्या बाजूने फिरायचं

गोल वाट दोन्ही बाजूंनी जाता येते, पण दोन्ही फेऱ्या सारख्या नसतात. माझा नियम असा, की उभं अंग चढायला, सौम्य अंग उतरायला. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन धरून ठेवतो, ब्रेक लावल्यासारखा. त्यामुळेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते, चढताना तेवढी नाही.

कातळटप्पा असेल तर तोही चढाच्या वाट्याला येऊ द्या. चढताना खोबण्या डोळ्यांसमोर असतात. उतरताना पाय चाचपत ठेवावा लागतो, आणि खाली बघावं लागतं म्हणून दृष्टिभय अंगावर येतं. घसाऱ्याचंही तसंच. सुट्या मुरमावर चढताना घसरलात तर बहुतेक हातांवर, गुडघ्यांवर येता, उतरताना पाठीवर.

नियमाला अपवाद दोन. सौम्य अंगाला मोठा ओढा ओलांडायचा असेल आणि दुपारी पावसाची शक्यता असेल, किंवा तो बर्फ वितळून वाहणारा असेल, तर तो सकाळीच ओलांडा. बर्फाच्या पाण्याचे ओढे दिवस चढतो तसे फुगतात. दुसरा अपवाद उन्हाचा. पश्चिमेकडचं अंग सकाळी सावलीत असतं, आणि उन्हाळ्यात तीन तास सावलीत चढायला मिळणं ही चैन आहे. कोणता अपवाद किती मोठा, हे ज्याचं त्याने तोलावं. मी गुडघ्यांकडे झुकते.

फाटे

वाट चुकते ती चढताना क्वचित. चढताना सगळ्या सोंडा, म्हणजे माथ्यापासून खाली उतरत गेलेल्या डोंगराच्या फांद्या, माथ्याकडे एकत्र येतात, थोडं इकडेतिकडे झालं तरी वरती गाठ पडते. उतरताना उलटं. धारेला सोंडा फुटतात, आणि वरती दहा पावलांचा फरक खाली दोन वेगळ्या दऱ्यांचा होतो.

एकदा भाच्याला घेऊन गेले होते. धार संपली, उतार सुरू झाला, वाट चांगली रुंद. तो पुढे, मी मागे. वीसेक मिनिटं उतरल्यावर मला काहीतरी खटकायला लागलं, पण काय ते कळेना. मग लक्षात आलं, ऊन उजव्या गालावर लागत होतं. दुपारचे साडेतीन, नकाशाप्रमाणे आमचा उतार पश्चिमेकडे. ऊन समोरून डोळ्यांवर यायला हवं.

‘आत्या, वाट तर मस्त मळलेली आहे,’ तो म्हणाला.

‘मळलेली आहे. पण कोणी मळली?’

खाली वाकून बघितलं. खुरांचे ठसे, शेण, आणि बुटाचा एकही ठसा नाही. ढोरवाट. ढोरवाटांची गंमत अशी, की त्या माणसांच्या वाटेपेक्षा छान आखलेल्या असतात, चढउतार बेताचा, काटे बाजूला झालेले, आणि शेवटी त्या एखाद्या पाणवठ्याशी किंवा चरणीच्या गवतात विरून जातात. आम्ही वीस मिनिटं उतरलो होतो ते चढायला पस्तीस मिनिटं लागली. भाचा वर येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. योग्य फाटा वरती होता तिथे दगडांची छोटी लगोरी रचलेली होती. आम्ही गप्पा मारत तिच्या शेजारून गेलो होतो.

तेव्हापासून मी एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फाटे लिहून नेते. तळहाताएवढा तुकडा, शर्टाच्या खिशात. ‘1: ओढ्यानंतर डावीकडे. 2: खिंडीत सरळ, उजवी वाट खाली जाते, ती नको. 3: धार संपताना उजवी सोंड, दिशा पश्चिम.’ दिशा लिहायचीच, कारण डावं-उजवं हे तुम्ही कुठल्या बाजूने येता त्यावर बदलतं, पश्चिम बदलत नाही. प्रत्येक फाट्यावर गप्पा बंद, पुठ्ठा बाहेर. आणि पुढे जाण्याआधी मागे वळून एक फोटो. परत फिरायची वेळ आली तर वाट त्या बाजूने दिसणार आहे, आणि त्या बाजूने ती निराळीच दिसते.

समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचता येत नसतील तर एवढं एकच शिका. रेषांची टोकं चढाकडे रोखलेली दिसली तर तिथे ओढा किंवा घळ आहे, उताराकडे रोखलेली दिसली तर सोंड. उतरताना आपण सोंडेवर आहोत की घळीत शिरलो, एवढं कळलं तरी बऱ्याच चुका टळतात. घळीत वाट सापडली म्हणून खूश होऊ नका. बऱ्याच घळी कुठेतरी कड्यावरून तुटतात.

फोनचं थोडक्यात. नकाशा घरीच उतरवून घ्या आणि चालताना फोन फ्लाइट मोडवर टाका. जीपीएस तरीही चालतं. फोन उपग्रहांना काही पाठवत नाही, त्यांचं फक्त ऐकतो. बॅटरी खरी संपते ती नसलेलं नेटवर्क शोधण्यात. थंडीत फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. कागदाचा नकाशा तरीही हवाच, फुली त्याच्यावर आहे.

पाणी, पाय, आभाळ

बेताच्या हवेत तासाला अर्धा लिटर धरा, उन्हात जास्त. साडेसहा तासांना सव्वातीन लिटर, म्हणजे पाठीवर सव्वातीन किलो. काहींना हे ओझं जड वाटतं आणि नकाशावर दिसणाऱ्या झऱ्याच्या भरवशावर ते एक बाटली घेऊन निघतात. नकाशावरचा झरा बारा महिने वाहतो असं नकाशाने कुठेही म्हटलेलं नसतं. माझी तपासणी फुलीपाशी होते. तिथे निम्मं पाणी उरलं नसेल तर घड्याळात दहा वाजले असोत की साडेनऊ, परत. नुसतं पाणी पीत राहू नका, सोबत काहीतरी खारट खात जा. घामाबरोबर मीठही जातं, आणि वर नुसतंच पाणी भरत गेलं की डोकं दुखतं, मळमळतं.

नखं दोन दिवस आधी कापा. आदल्या रात्री कापलेलं नख दुखरं असतं, आणि न कापलेलं उतारावर बुटाच्या टोकाला आपटून काळं पडतं. चालताना टाचेवर किंवा बोटावर गरम गरम वाटायला लागलं की त्याच जागी थांबून चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणाल तर पुढच्या थांब्यावर फोड बघाल. मोजा ओला झाला असेल तर बदला. धार संपली, उतार लागला की बुटाची नाडी सोडून घोट्यापाशी पुन्हा घट्ट बांधायची, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. काठ्या असतील तर पाचदहा सेंटिमीटरने लांब करायच्या. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, कधीही ताठ नाही.

आभाळाकडे चढतानाच लक्ष हवं, कारण वीज कडाडते तेव्हा सर्वांत वाईट जागा म्हणजे धार, आणि आपली धार फेरीच्या बरोबर मधे आहे. चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीस सेकंद किंवा कमी भरले तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे, धारेवर जायचं नाही, असाल तर खाली उतरायचं. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबायचं, आणि तो अर्धा तास फुलीच्या हिशेबातून वजा होतो. अकरा म्हणजे अकरा.

वर गारठाही वाढतो. सरासरीने दर 1000 मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे आपल्या 900 मीटर चढाला सुमारे सहा अंश, वर वारा आणि घामाने भिजलेली पाठ. एक कोरडा शर्ट आणि वारा अडवणारं जाकीट पिशवीत घालून तळाशी न ठेवता वरती ठेवा. दम खायला बसायच्या आधी अंगावर चढवायचं, थंडी वाजल्यावर नाही.

हेडटॉर्च दिवसाच्या फेरीलाही घ्यायची, नवे सेल घालून. हात लांब धरून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये चार बोटं मावली तर अजून तासभर उजेड आहे, असं बरेच जण सांगतात. मी हिशेब केला. सूर्य तासाला 15 अंश सरकतो आणि लांब धरलेल्या हाताची चार बोटं साताठ अंशांची भरतात. सूर्य सरळ खाली मावळत असेल तर हा जेमतेम अर्धा तास झाला. तिरका मावळत असेल तर थोडा जास्त. शिवाय दरीत क्षितिज म्हणजे समोरचा डोंगर असतो, आणि झाडीत अंधार त्याच्याही आधी येतो.

घरी ठेवायची चिठ्ठी

नवऱ्याला मी एक चिठ्ठी देते. कुठली वाट, कुठल्या बाजूने फिरणार (गोल वाटेत हे फार महत्त्वाचं, शोधणाऱ्यांची निम्मी वणवण वाचते), सोबत कोण, अंगात कुठल्या रंगाचं जाकीट, आणि दोन वेळा. ‘चार वाजता खाली. सातपर्यंत फोन आला नाही तर बचाव पथकाला कळव.’ चार आणि सातमधले तीन तास मुद्दाम ठेवलेत. ते नव्हते तेव्हा एकदा मी गाडीपाशी बसून बूट काढत होते आणि हा इकडे फोनवर फोन लावत होता. नेटवर्क मला खालच्या गावात आल्यावर मिळालं. त्याच्या आवाजावरूनच कळलं काय झालं असेल ते.

शिट्टी गळ्यात असू द्या, सॅकच्या तळाशी नको. अडचणीत असल्याची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं असतं. अंधारात हेच टॉर्चने.

खाली आल्यावर एक काम उरतं, आणि मी ते बूट काढायच्या आधी करते. पुठ्ठ्याच्या मागे वेळा लिहायच्या. फुलीवर कधी, रेघेवर कधी, खाली कधी. घरी येऊन एकूण वेळेला नेस्मिथच्या वेळेने भागायचं. माझा दीड हा असाच, बारा-तेरा फेऱ्यांच्या सरासरीतून आलेला. तुमचा वेगळा येईल, आणि गटाबरोबर गेलात तर गटातल्या सगळ्यात हळू माणसाचा धरावा लागेल. पहिल्या फेरीला काहीच माहीत नसेल तर दोन धरा. मागच्या महिन्यातल्या फेरीत माझ्या 4 तास 18 मिनिटांचे 6 तास 58 मिनिटं झाले. भागाकार 1.62. भाचा म्हणतो, तू फुलं बघत बसलीस म्हणून. असेल. पुढच्या नकाशावर मी 1.6 धरलाय, आणि फुलीशेजारची वेळ तशीच ठेवून निघायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणलीये.